कलेक्टर साहेब, पुढच्या बँक मीटिंगला आमच्या नर्सिंगच्या कर्जाचं एवढं विचारा

मा. जिल्हाधिकारी,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

तिघांना एकच पत्र लिहून राहिले कारण तिन्ही जिल्ह्यांत दुखणं एकच आहे. मी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव पारोळा तालुक्यात, वडील कापूस आणि मका करतात. माझं नाव, कॉलेज, बँक काहीच लिहीत नाहीये, कारण प्रॅक्टिकल व्हायची आहेत आणि कर्जाचा शेवटचा हप्ता अजून बँकेतून सुटायचा आहे, एवढं समजून घ्या.

आधीच सांगते, कर्जमाफी मागायला लिहीत नाहीये. नाहीतर खाली कमेंटमध्ये लगेच सुरू होतं, झाले फुकटे गोळा. कर्ज घेतलंय ते फेडणार. फक्त ज्या नियमाने ते दिलं, तो नियम पूर्ण पाळा एवढंच म्हणणं आहे, आणि नियम वाईट नाहीयेत हीच तर गंमत आहे. दिल्लीत मुंबईत बसून कोणीतरी बऱ्यापैकी विचार करून लिहिलेत, पण ते आमच्या तालुक्याच्या शाखेच्या काउंटरपर्यंत पोचता पोचता कुठे गळून जातात देव जाणे.

आता तुम्हालाच का लिहिलं. दर तीन महिन्यांनी जिल्ह्यातल्या बँकांची मीटिंग होते, लीड बँकेचे (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचं काम एकत्र बघणाऱ्या बँकेचे) मॅनेजर तक्ते घेऊन येतात, आणि अध्यक्ष तुम्ही असता. पीककर्ज किती वाटलं, मुद्रा किती, बचत गटांना किती, यावर तुम्ही बँकांना झापता तेही पेपरात येतं, वाचून बरं वाटतं. त्याच तक्त्यात शैक्षणिक कर्जाची एक ओळ असते, त्या ओळीवर कोणी काही बोलल्याचं मी तरी पेपरात वाचलं नाही. आणि दुसरीकडे खासगी हॉस्पिटलच्या नोंदणीचं काम सिव्हिल सर्जन साहेबांकडे असतं, तेही तुमच्याच जिल्हा आरोग्याच्या मीटिंगला बसतात. म्हणजे आमचं कर्ज एका टेबलावर आणि ज्या पगारातून ते फेडायचं तो पगार दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्ही टेबलांची तार तुमच्यापाशी येते.

मला कर्ज का लागलं ते थोडक्यात सांगते. ८ जुलै २०२४ च्या जीआरने ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सची शंभर टक्के फी माफ झाली, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि अॅडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. माझी सीट कॅप संपल्यावरची, कॉलेज लेव्हलची, कारण तेव्हा आमचे दाखले तहसीलला अडकलेले. मग माफी नाही. आमच्या वर्गातल्या ब्रदर लोकांनाही ती माफी नाही कारण ती मुलींसाठीच आहे. आणि ज्यांना माफी आहे त्यांच्याकडूनसुद्धा काही ठिकाणी आधी पैसे भरून घेतात, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आले की देऊ म्हणतात, तोवर घरचे सोनं ठेवतात नाहीतर व्याजाने आणतात. फी माफ, व्याज चालू.

शाखेत गेल्यावर पहिलं काय विचारलं असेल तर सातबारा. मग वडिलांचा सिबिल, म्हणजे आधीची कर्जं वेळेवर फेडली का याचा रेकॉर्ड. वडिलांचं विकासोचं (गावच्या सोसायटीचं) पीककर्ज एका दुष्काळात थकलेलं, तो डाग निघालेला नाही. आता बघा, ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन (आपण स्वतः भरायचा हिस्सा) नाही, फक्त आईवडील सहकर्जदार, हे बँकांच्या असोसिएशनच्या मॉडेल स्कीममध्येच आहे. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची क्रेडिट गॅरंटी आहे, २०१५ पासून, म्हणजे आम्ही बुडवलं तरी थकबाकीचा पाऊण हिस्सा गॅरंटी फंड देणार. केरळ हायकोर्टाने तर सांगितलंय की आईबापाचा सिबिल खराब म्हणून लेकराचं शैक्षणिक कर्ज अडवता येत नाही. पण हे सगळं बारावी झालेल्या पोरीने काचेच्या पलीकडच्या साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? वडील तर टोपी हातात घेऊन उभे. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "शिकी ले पोरी, करज फेडाई जाई." पीककर्जाला सिबिल लावू नका असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना सांगितलेलं, मग त्याच शेतकऱ्याच्या पोरीच्या कर्जाला तो कसा काय लागतो?

असो, ओळखीच्या एका सरांनी मध्ये पडून मिळालं. वर्षाला साधारण लाखभर, चार वर्षांचे चार लाख.

मग सुरू होते खरी कसरत. बँक फी सोडते, तीही थेट कॉलेजच्या खात्यात, आणि पुढच्या वर्षाचा हप्ता सोडायला मागच्या वर्षाची मार्कशीट मागते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा रिझल्ट यायच्या आधीच पुढचं वर्ष सुरू झालेलं असतं. कॉलेज म्हणतं फी भरा नाहीतर लेट फी, बँक म्हणते रिझल्ट आणा, आणि आपण मध्ये सुपारीसारखे. त्यात मेस, युनिफॉर्म, लॉगबुकं, कम्युनिटी पोस्टिंगला पीएचसीपर्यंतचा (प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचा) प्रवास (एसटीचं अर्धं तिकीट झालंय ते एक बरं), परीक्षा फी. हे सगळं घरून. थर्ड इयरला असताना एका सीनियरने सांगितलं की हॉस्टेल, पुस्तकं, युनिफॉर्म, परीक्षा फी, हे सगळं कर्जात बसतं, स्कीममध्ये लिहिलेलं आहे, फक्त अर्जातच मागावं लागतं. अर्ज भरताना शाखेत कोणी विचारलंच नाही. फी किती, एवढाच रकाना भरून घेतला.

आणि व्याज. सगळ्यांना वाटतं शिक्षण चालू असेपर्यंत व्याज नसतं. हप्ता नसतो, व्याज असतं. पहिले लाख रुपये सुटले त्या दिवसापासून साडेदहा टक्क्यांनी महिन्याला ८७५ रुपये, दुसरं वर्ष लागलं की १,७५०, असं चढत जातं, आणि एसएमएस मात्र इंग्रजीत येतो. शिकतानाच हे व्याज भरत गेलं तर बऱ्याच बँका एक टक्का सूट देतात. म्हणून मी जमेल तेवढं भरते. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे वेचणी असते, किलोवर पैसे मिळतात, तर मी आणि माझी चुलत बहीण (ती जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला आहे, धुळ्याला) दोघी वेचणीला जातो, आणि शेजारच्या काकू हसतात की डॉक्टरीणबाई कापूस वेचून राहिल्या. काकूंना नर्स आणि डॉक्टर एकच वाटतात, वाटू दे. उन्हाळ्यात जळगावला एका आजींकडे रात्रीचं पेशंट सांभाळायचं काम मिळालं होतं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), दर दोन तासांनी कूस बदलायची, ते पैसे सरळ कर्जखात्यात टाकले. रूममधल्या बाकीच्या पोरी कोणी ट्यूशन घेते, कोणी मेंदी काढते. एकीने मेस बंद करून खोलीत खिचडी लावायला सुरुवात केली आणि आम्ही नर्सिंगच्या पोरी एकमेकींचं हिमोग्लोबिन बघून एकमेकींनाच आयर्नच्या गोळ्या देतो. हसू नका, खरं आहे.

आता मुद्द्याचं, आणि हे जरा लांबेल.

केंद्र सरकारची एक व्याज सबसिडी आहे, २००९-१० पासून. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर कोर्सची वर्षं अधिक पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं सगळं व्याज सरकार भरतं. पुढे नियम आले की कॉलेज नॅकचं (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं) मानांकन असलेलं पाहिजे वगैरे, पण जी कॉलेजं त्याखाली येत नाहीत तिथे त्या त्या कौन्सिलची मान्यता चालते, आणि नर्सिंगचं नाव त्यात स्पष्ट घेतलेलं आहे. पण आमच्या वेळच्या कर्जांना हे पैसे पोरीने पोर्टलवर जाऊन मागायचे नसतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शाखेत द्यायचा, शाखेने तो वर पाठवायचा, बँकेने कॅनरा बँकेकडे क्लेम टाकायचा, कारण या योजनेची नोडल बँक, म्हणजे सगळ्या बँकांचे क्लेम घेणारी बँक, ती आहे. म्हणजे शाखेतल्या एका माणसाने वेळेत एन्ट्री केली नाही की संपलं. आमच्याकडे तेच झालंय. कोणाचा दाखला फाइलमध्ये पडून, कोणाला मागितलाच नाही, कोणाचे मॅनेजर बदलून गेले आणि नवीन म्हणतात माझ्या वेळचं नाही, कोणाला सांगितलं की पोर्टल बंद झालं, आता पुढच्या वर्षी या. माझ्या एका सीनियरला कोर्स संपून वर्ष उलटल्यावर कळलं की असं काही असतं.

याने फरक किती पडतो ते हिशोब करून दाखवते, मी कॅल्क्युलेटर घेऊनच बसलेय. दरवर्षी लाख असे चार लाख, साडेदहा टक्के सरळ व्याज, चार वर्षं कोर्स आणि एक वर्ष सवलतीचं. सबसिडी लागली नाही तर पाचव्या वर्षाच्या शेवटी खात्यावर १,४७,००० रुपये व्याज चढलेलं असतं, म्हणजे फेड सुरू होते ५ लाख ४७ हजारांवर. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साधारण ७,३८० रुपये. सबसिडी लागली तर फेड चार लाखांवरच सुरू, हप्ता साधारण ५,४००. महिन्याला जवळजवळ दोन हजारांचा फरक आणि तो दहा वर्षं चालणार, म्हणजे दोन लाखांच्या वर. शाखेतल्या एका न केलेल्या एन्ट्रीची ही किंमत आहे साहेब. पंधरा वर्षांची मुदत घेता येते, तेव्हा हप्ता ६,०५० च्या आसपास येतो पण एकूण जवळपास १०.९ लाख भरले जातात. चार लाखांचे.

२०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली, टीव्हीवर खूप आलं. ती रँकिंगमधल्या वरच्या संस्थांसाठी आहे, ८६० संस्थांपासून सुरुवात. चांगली आहे, त्या पोरांना मिळो. तालुक्याच्या ठिकाणी तीन मजली बिल्डिंगमध्ये चालणाऱ्या नर्सिंग कॉलेजचा त्या यादीशी काय संबंध.

आता पगार. आमच्या आधीच्या बॅचेसच्या पोरी तालुक्याच्या गावच्या वीस पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलांत लागल्या, नऊ हजार, दहा हजार, एखादीला बारा. बारा तासांची ड्युटी, महिन्यातून पंधरा दिवस नाईट, एखादी आली नाही तर डबल. रूमचं भाडं आणि खाणं गेलं की हप्त्यापुरतंसुद्धा उरत नाही. काही ठिकाणी मूळ मार्कशीटा आणि रजिस्ट्रेशन ठेवून घेतात, की सोडून जाऊ नये म्हणून. म्हणजे पोरगी एकीकडे बँकेला बांधलेली, दुसरीकडे हॉस्पिटलला.

यालाही नियम नाही असं नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या जानेवारीत कमिटी नेमायला सांगितलं आणि त्या कमिटीने लिहून दिलं की २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, १०० च्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० च्या आत असतील तरी महिना २०,००० च्या खाली नाही. तेही २०१६ चे वीस हजार. केरळने २०१८ मध्ये नोटिफिकेशन काढून वीस हजार कमीत कमी पगार लावूनही टाकला. आमच्याकडे तो कमिटीचा कागद राज्यांना पाठवला गेला आणि पुढे काय झालं ते पगाराच्या पाकिटात दिसतंच आहे. पाकीट म्हणतेय कारण बऱ्याच ठिकाणी अजून रोख देतात, सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा.

डॉक्टर लोकांवर राग नाही माझा. लहान हॉस्पिटल चालवणं सोपं नाही, आम्ही तिथेच शिकतो, केळीच्या पट्ट्यातल्या मजुरापासून जिनिंगमधल्या हमालापर्यंत सगळे पेशंट तिथेच येतात आणि बिल कमी करा म्हणतात. पण मशीनचा हप्ता डॉक्टरसाहेब वेळेवर भरतात ना, मग त्या मशीनशेजारी रात्रभर उभ्या असलेल्या सिस्टरच्या हप्त्याचं पण कोणीतरी बघायला पाहिजे.

सरकारी भरती म्हणाल तर सगळ्याच वाट बघतो. एकेका फॉर्मची फी हजार, राखीवला नऊशे, सेंटर पुण्याला नाहीतर नागपूरला. एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी मिळालं तरी नशीब. जर्मनीचं पण आलंय, २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने तिकडच्या बाडेन वुर्टेमबर्ग राज्याबरोबर करार केला, त्यात नर्स आहेत, तेव्हापासून गल्लोगल्ली जर्मन भाषेचे क्लास आणि एजंट, आणि एजंट म्हणतो पैसे नसतील तर कर्ज काढून देतो. अजून एक.

म्हणून होतं काय, पोरी सुरतेला जातात. खान्देशातून सुरत म्हणजे काय परकी नाही, प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी तिथे लूमवर नाहीतर साडीच्या दुकानात आहे, भुसावळहून गाडीत बसलं की सरळ सुरतेचं उधना स्टेशन. तिथे पगार बरा मिळतो, राहायला मावशी असते. जातात. आणि नंदुरबार जिल्हा, जो नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, तिथल्या नवापूरच्या स्टेशनवरून त्याच गाडीने पुढे जातात. धडगाव, मोलगीकडे सिस्टर टिकत नाहीत म्हणून आपण मीटिंगा घेता ना साहेब, तर त्या टिकत नाहीत याच्या मागे हप्ता पण आहे. बाळंतपणं करायला शिकलेली, पावरी, भिलोरी समजणारी पोरगी सुरतेच्या हॉस्पिटलात गुजरातीत हँडओव्हर देऊन राहिली.

आणि जिला नाही जमलं हप्ता भरायला तिचं सांगते. तीन महिने थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत खात्यांत. मग फोन. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, ठीक, पण नाईट करून आलेली सिस्टर सकाळी ९ ला झोपते आणि साडेनऊला फोन सुरू होतात. फोन उचलला नाही की सहकर्जदाराला. सहकर्जदार म्हणजे बाप. मग लोक अदालतीची नोटीस गावात पोस्टमन आणतो, पारावर बसलेले सगळे बघतात, आणि दुसऱ्या दिवशी ज्या घरात पोरीचं बघणं चालू आहे त्या घरी बातमी पोचलेली असते. तिथे विचारतात, कर्ज मुलीच्या अंगावर आहे का बापाच्या? एक स्थळ यावरच मोडलेलं माझ्या माहितीत आहे. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी हप्ते भरायचं कबूल केलं आणि हुंडा नको म्हणाले, आणि हे सगळ्यांना मोठेपणाचं वाटलं, मला हसावं का रडावं कळेना.

याला पण स्कीममध्ये सोय आहे हो! मॉडेल स्कीममध्ये लिहिलंय की नोकरी नसेल किंवा शिक्षणाच्या मानाने कमी कामाची, कमी पगाराची असेल, तर कर्जाच्या काळात दोन तीन वेळा हप्त्याला सवलतीचा काळ देता येतो. नऊ हजार पगार आणि सात हजार हप्ता, याला कमी पगार नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकीलाही शाखेने हे सांगितलेलं नव्हतं. सेटलमेंटचं (थोडी रक्कम भरून खातं मिटवायचं) मात्र लगेच सांगतात, आणि सेटलमेंट केली की सिबिलवर तो शिक्का राहतो, मग वडिलांचं झालं तेच पोरीचं.

तर साहेब, मागणं जास्त नाहीये. पुढच्या तिमाहीच्या मीटिंगला लीड बँकेच्या मॅनेजरना एवढं विचारा की जिल्ह्यात नर्सिंगची किती शैक्षणिक कर्जं चालू आहेत, त्यातल्या साडेचार लाखांच्या आतल्या किती, आणि त्यांच्यापैकी कितींचा व्याज सबसिडीचा क्लेम वर गेला. शाखानिहाय मागा, एकूण आकडा घेऊ नका, एकूण आकड्यात सगळं लपतं. ज्यांचा राहिला त्यांची यादी करून शाखेने स्वतः फोन करून दाखला मागवावा, वसुलीला फोन करता येतो तर याला का नाही. कर्ज मंजूर करताना एक कागद मराठीत द्यावा, त्यात व्याज कधीपासून, हॉस्टेल आणि पुस्तकं धरलीत का, सबसिडी लागू आहे का, आणि हप्ता सुरू झाल्यावर पगार कमी असेल तर काय मागता येतं, एवढं असावं. रिझल्ट उशिरा असेल तर कॉलेजच्या पत्रावर बँकेने फीचा हप्ता कॉलेजला सोडावा. आणि सिव्हिल सर्जन साहेबांना सांगून हॉस्पिटलची नोंदणी नवी करताना सिस्टर आणि ब्रदर लोकांचा पगार बँकेतून होतो का आणि किती होतो ते बघावं, मूळ कागदपत्रं कोणाची अडकवून ठेवलीत का तेही. वीस हजार उद्या होणार नाहीत हे मलाही कळतं. पण कामगार खात्याचं किमान वेतन तरी मिळतंय का एवढं बघायला सुप्रीम कोर्टाची वाट बघायची गरज नाही, रुग्णालयं त्यात येतात.

माझं कर्ज चार लाख आहे, उत्पन्नाचा दाखला मी दरवर्षी दिलेला आहे, पोच घेऊन ठेवलीय. क्लेम गेला का, हे शाखेने अजून सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलं तर सांगतील.

आपली,
शेवटच्या वर्षाची एक नर्सिंग विद्यार्थिनी, जळगाव जिल्हा

ता.क. हे वाचणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरींसाठी: दाखला देताना पोच घ्याच, शिक्का आणि तारखेसह. बँकेला लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, १४४४८ वर फोन करून विचारा. आणि शाखेत जाताना एकटीने जाऊ नका, दोघी तिघी मिळून जा, मग बसा म्हणतात.